मुलांना पानावर बसायला शिकवताना

पाहुणे आले की मुलांना नीट जेवायला शिकवण्याची घाई सुरू होते. "मांडी घालून बस", "मचमच करू नकोस", "आधी भाजी संपव", "काकूंना विचार, तुम्हाला हवंय का" अशा सूचना एकामागून एक येतात. एरवी टीव्हीसमोर ताटली घेऊन जेवणारं चार वर्षांचं मूल यात पार गोंधळून जातं. आज अचानक सगळे नियम कसे बदलले, हे त्याला कळत नाही. मग ते रुसून बसतं किंवा मुद्दाम जास्त सांडतं, आणि आई-वडिलांना चारचौघांत ओशाळल्यासारखं होतं. यात मुलाचा दोष नाही. जेवण्याची रीत रोजच्या साध्या वरण-भाताच्या जेवणात मुरत जाते. पाहुण्यांसमोर ती ऐन वेळी शिकवता येत नाही.

ही रीत म्हणजे तरी काय? चमचा कसा धरावा, तोंड मिटून कसं चावावं, हे सगळं तिच्यात येतंच. पण तिचं मूळ एकच आहे: आपल्या शेजारी आणखी माणसं जेवत आहेत, याची जाणीव. बाकीचे नियम तिथून निघतात. बाबा अजून यायचे आहेत, म्हणून शेवटच्या दोन कोथिंबीर वड्या एकट्याने उचलायच्या नाहीत. समोरच्याला ते पाहावं लागतं, म्हणून तोंड उघडं ठेवून चावायचं नाही. भाजी सगळ्यांची आहे, म्हणून उष्टा हात भांड्यात घालायचा नाही. नियमामागचं माणूस मुलाला दाखवलं की नियम त्याच्या लक्षात राहतो. नुसतं "असं करायचं नसतं" म्हटलं, तर आपली पाठ वळेपर्यंतच तो टिकतो.

आधी घरातल्या सगळ्यांनी बसावं

मुलं ऐकून शिकतात त्याहून कितीतरी जास्त बघून शिकतात. आणि आपल्याकडच्या असंख्य घरांत ती रोज काय बघतात? आजोबा, बाबा आणि मुलं जेवत आहेत. आई ओट्याशी उभी राहून तव्यावरच्या पोळ्या वाढते आहे. सगळ्यांची जेवणं झाली की ती उरलंसुरलं ताटात घेऊन एकटी जेवते, तेही घड्याळाकडे बघत. अशा घरातल्या मुलाला "सगळे बसल्याशिवाय सुरुवात करायची नाही" हे कोणत्या तोंडाने सांगणार? त्याच्या 'सगळ्यां'मध्ये आई कधी नसतेच. मुलांना दुसऱ्याचा विचार करायला शिकवायचं असेल, तर पहिला बदल इथे करावा लागेल, आणि तो मोठ्यांनी करायचा आहे.

तव्यावरून थेट पानात पडणाऱ्या पोळीची चव वेगळीच असते, हे खरं. पण त्या चवीची किंमत एक माणूस रोज पंगतीबाहेर राहून चुकवत असेल, तर ती फार आहे. पोळ्या आधी करून सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या तर चांगल्या मऊ राहतात. भाकऱ्याही जेवणाच्या जरा आधी भाजून ठेवता येतात. गरम फुलके हवेच असतील, तर त्या दिवशी तव्यापाशी पाळीपाळीने उभं राहावं, वडिलांनीसुद्धा. कुकर, भाजीचं पातेलं, आमटीचं ओगराळं, पाण्याचा तांब्या, मीठ, लोणचं, ताक हे सगळं आधीच जेवणाच्या जागी आणून ठेवावं. त्यातूनही काही राहिलं, तर ज्याला हवं त्याने उठून आणावं. "मीठ दे गं", "पाणी आण गं" हे शब्द घरातून गेले, तर मुलं फार मोठी गोष्ट शिकतील.

एकत्र जेवायचं म्हणजे दोन्ही वेळा, सातही दिवस, असा हट्ट नको. लोकलने धक्के खात रात्री साडेनऊला घरी पोचणाऱ्या वडिलांसाठी पाच वर्षांच्या मुलाला उपाशी ठेवण्यात अर्थ नाही. काही घरांत सकाळचा नाश्ता सगळ्यांना जमतो, काही घरांत आठवड्यातल्या दोनच रात्री. जे जमेल ते ठरवावं आणि पाळावं. बाकीच्या दिवशी निदान एका मोठ्या माणसाने स्वतःचं ताट घेऊन मुलाबरोबर जेवावं. मूल जेवतंय आणि आपण समोर बसून नुसतं त्याच्या घासांवर लक्ष ठेवतोय, याला एकत्र जेवण म्हणता येत नाही. ती पाळत झाली, आणि मुलांना ती बरोबर कळते.

टेबल असलंच पाहिजे, असंही काही नाही. जमिनीवर मांडी घालून, समोर ताट ठेवून जेवणाऱ्या घरात मूल उलट लवकर स्थिर बसतं, कारण उंची त्याच्या मापाची असते. टेबल असेल तर मात्र मुलाच्या पायांकडे बघा. मोठ्यांच्या खुर्चीत पाय लोंबकळत असले की ते चुळबुळ करणारच, पाय झाडणारच, खाली उतरणारच. पायांखाली पाट किंवा बुटकं स्टूल द्या आणि बसायला उशी देऊन टेबलाची कड त्याच्या कोपरांच्या पातळीला आणा. 'एका जागी बसतच नाही' ही तक्रार बऱ्याच घरांत एवढ्यानेच निम्मी होते. टेबलावर औषधांच्या बाटल्या, विजेची बिलं, लॅपटॉप आणि इस्त्रीचे कपडे यांचा संसार असेल, तर आधी तोही आवरावा लागेल.

किती वेळ बसवावं? दोन-तीन वर्षांच्या मुलाकडून दहा-पंधरा मिनिटांची अपेक्षा पुरे. पाच-सहा वर्षांचं मूल वीस-पंचवीस मिनिटं बसू शकतं. लहानग्याचं झालं की "माझं झालं, मी उठू?" एवढं विचारून त्याला जाऊ द्यावं. पण उठलं म्हणजे जेवण संपलं. मग वाटी-चमचा घेऊन त्याच्यामागे घरभर, जिन्यात, बाल्कनीत फिरायचं नाही. या एका नियमावर घरातल्या सगळ्यांचं एकमत व्हायला हवं. आई थांबली आणि आजीने बाल्कनीत कावळा दाखवत भरवलं, तर मुलाने पानावर का बसावं? आजीची माया तोडायची नाही. चिऊ-काऊच्या घासांचा खेळ सुट्टीच्या दिवशी अवश्य खेळावा. मात्र वर्षा-सव्वा वर्षाचं मूल स्वतःच्या हाताने खाऊ लागलं की रोजचा घास त्याचा त्याला घेऊ द्यावा. ते सांडेल, केसांना भात लागेल, वरण कोपरापर्यंत ओघळेल. खाली जुनी चादर किंवा वर्तमानपत्र पसरा आणि जेवण संपल्यावर एकदाच पुसा. घासागणिक तोंड पुसलेल्या मुलाला खाण्याचाच कंटाळा येतो.

हात, बोटं आणि वाढप

आपलं जेवण हाताने जेवायचं आहे आणि हाताने जेवण्याचीही एक शिस्त आहे. काटा-चमचा शिकवायच्या गडबडीत ती अनेक घरांतून निसटते आहे, याचं मला वाईट वाटतं. साबणाने वीसेक सेकंद हात धुवून बसायचं. घास बोटांच्या पेरांनी घ्यायचा, तळव्याला अन्न लागू द्यायचं नाही. भात एका कडेने कालवायचा, सगळा एकदम चिवडायचा नाही. घास बोटांवर उचलून अंगठ्याने तोंडात ढकलायचा. हे चार-पाच वर्षांच्या मुलाला नीट जमतं, फक्त कुणीतरी शेजारी बसून सावकाश दाखवायला हवं. आमटी-भात चमच्याने खाल्ला तरी काही बिघडत नाही. आणि घरी कढीचा भुरका मारण्यात जो आनंद आहे, तोही मुलांपासून हिरावू नये. हा घरातला भुरका, बाहेर आवाज करायचा नाही, हा फरक सहा वर्षांच्या मुलाला सहज समजतो.

उजव्या हाताने जेवायचं आणि डाव्या, कोरड्या हाताने वाढून घ्यायचं, यामागे स्वच्छतेचा साधा विचार आहे: खरकटा हात पळीला लागू नये. मूल डावखुरं असेल तर हीच गोष्ट उलटी करावी. डाव्या हाताने जेवू द्यावं आणि उजवा हात वाढून घ्यायला कोरडा ठेवायला शिकवावं. हात बदलायला लावण्यासाठी त्याला रागावणं, चापट मारणं किंवा चारचौघांत हसणं हे आता पूर्णपणे थांबायला हवं. डावखुरेपण ही सवय नसते, ती मुलाची जन्मजात घडण असते. एखादी मावशी किंवा आजोबा टोकू लागले, तर मुलाच्या देखतच शांतपणे सांगावं, "तो डावखुरा आहे, त्याचं बरोबर चाललंय."

मुलांना जेवणात सर्वांत लवकर ओढून घेणारी गोष्ट म्हणजे काम. तीन वर्षांचं मूल वाट्या आणि चमचे मांडू शकतं. पाच वर्षांचं मूल छोट्या तांब्यातून पेले भरू शकतं, थोडं सांडेल एवढंच. सात-आठ वर्षांच्या मुलाला पान वाढायला शिकवावं. वर मध्यभागी मीठ, त्याच्या डाव्या अंगाला लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. डावीकडचं चवीपुरतं, तोंडी लावायला. उजवीकडचं पोटभर खायचं, म्हणून जेवणाऱ्या हाताजवळ. मुलाला ही मांडणी कारणासकट सांगितली की ते ती आवडीने करतं. शिवाय दुसऱ्याच्या पानात वाढताना "किती वाढू?" हा प्रश्न विचारावा लागतो. आजोबांना भात अर्धाच लागतो, ताईला लोणच्याचा खार नको असतो, बाबांना ताक शेवटी हवं असतं, हे वाढणाऱ्या मुलाला कळू लागतं. दुसऱ्याची जाणीव म्हणतात ती अशी रोज हाताला लागते.

सगळ्यांनी एकदम सुरुवात करणं हीही शिकवायची गोष्ट. जेवणाआधी श्लोक म्हणायची पद्धत असलेल्या घरांत ते आपोआप होतं. तेवढं अर्धं मिनिट कुणी घास उचलत नाही, शेवटचा माणूस येऊन टेकतो. तुमच्या घरी श्लोक म्हणत नसतील, तर "आली का सगळी? चला, सुरू करूया" एवढं वाक्य पुरतं. शेवटी आपलं ताट आपण उचलायचं, खरकटं केराच्या डब्यात टाकायचं आणि ताट मोरीत किंवा सिंकमध्ये ठेवायचं. मुलगा आणि मुलगी दोघांनीही. मुलगी ताटं उचलते आणि मुलगा हात धुवून खेळायला पळतो, असं होत असेल तर त्यातूनही दोघं काहीतरी शिकत असतात, आणि ते चुकीचं असतं.

'पुरे' या शब्दाचा मान

आपल्या जेवणात सर्वांत जास्त भांडणं 'किती खाल्लं' यावरून होतात. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात यासाठी एक सोपी विभागणी सांगितली, ती मला आपल्या घरांसाठी फार उपयोगाची वाटते. काय शिजवायचं, केव्हा आणि कुठे जेवायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलाने. आपण नेमकं उलटं करतो. "आज काय करू रे तुझ्यासाठी?" हे मुलाला विचारतो आणि मग केलेलं किती खायचं ते आपण ठरवतो.

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वेळच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोनेच वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. नेमक्या याच काळात 'आता काही खातच नाही' ही चिंता सुरू होते आणि जबरदस्तीलाही तिथूनच सुरुवात होते. मूल खेळतंय, हसतंय, त्याचं वजन आणि उंची डॉक्टरांच्या तक्त्यात ठीक पुढे सरकते आहे, तर आजचे दोन घास कमी पडले म्हणून घाबरू नये. मात्र वजन घटत असेल, घास वारंवार अडकत असेल, खाताना ओकाऱ्या येत असतील, किंवा मोजक्या चार-पाच पदार्थांपलीकडे मूल काहीही तोंडात घेत नसेल, तर शिस्तीचे प्रयोग न करता बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

आणखी एक गोष्ट तपासून बघा. मूल रात्री जेवत नाही, कारण त्याला भूकच नसते. दिवसाकाठी चारशे-पाचशे मिलीलिटर दूध लहान मुलाला पुरतं. त्याऐवजी लिटरभर दूध, वर संध्याकाळी सहाला बिस्किटं आणि सातला चिप्स पोटात गेल्यावर आठला भाजी-पोळी कुठे जाणार? जेवणाआधी अडीच-तीन तास फक्त पाणी, एवढं सांभाळलं तर बऱ्याच मुलांची 'न जेवण्याची सवय' आठ-पंधरा दिवसांत सुटते.

आता प्रश्न येतो तो 'पानात टाकायचं नाही' या आपल्या जुन्या नियमाचा. हा नियम मला मनापासून प्रिय आहे. १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो खाऊन दिवस काढलेली माणसं आजही अनेक घरांत आजी-आजोबा म्हणून आहेत. ताटातला भात टाकताना त्यांचा जीव तुटतो, यात नवल नाही. मुलांना त्यांच्याच तोंडून त्या दिवसांची हकिगत ऐकवावी. शंभर वेळा दटावून जे होत नाही ते त्याने होतं. पण नियम पाळायचा कुठे, हे नीट ठरवावं लागेल. मोठ्यांनी ताट भरून द्यायचं आणि मुलाने ते रडत संपवायचं, यात अन्नाचा मान राहत नाही आणि मुलाचं भुकेचं भानही हरवतं. पोट भरल्याची खूण मेंदूपर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागतात. ती खूण ओळखण्याआधीच 'एवढं संपव' म्हटलं, तर मूल पुढे आयुष्यभर पोटापेक्षा ताटाकडे बघून जेवतं. म्हणून नियम घेण्याच्या वेळी लावावा. मुलाने स्वतः, थोडं वाढून घ्यावं. अर्धी पोळी, दोन चमचे भाजी. हवं असेल तर पुन्हा मागावं, हव्या तितक्या वेळा. चार-पाच वर्षांच्या मुलाचा अंदाज सुरुवातीला चुकेल, पण दोन-तीन आठवड्यांत बरोबर येऊ लागेल.

आणि 'पुरे' म्हणायलाही शिकवावं. पानावर हात आडवा धरून "पुरे, खूप छान झालंय" असं म्हणता येणं हे मोठेपणी लग्नकार्यात आग्रहाच्या माऱ्यातही उपयोगी पडतं. पण त्याची सुरुवात घरात, आपण त्याचं 'पुरे' पहिल्यांदा म्हटल्याबरोबर ऐकण्यापासून होते. "एकच घास आईचा, एकच बाबांचा" असं करत आपण त्याच्या नकाराला रोज काही किंमत नाही असं दाखवत असतो. आग्रह ही आपल्याकडे प्रेमाची रीत आहे, पाहुण्यांसाठी ती असू द्यावी. मुलाच्या बाबतीत एकदा विचारावं आणि थांबावं.

नावडत्या भाजीचं काय करायचं? मुलांच्या खाण्याच्या आवडीनिवडींवर लीन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं काम केलं. नवा पदार्थ आवडायला लागण्याआधी तो मुलासमोर आठ-दहा, कधी पंधरा वेळाही यावा लागतो, हे त्यांच्या आणि नंतरच्या अभ्यासांतून पुढे आलं. आपण मेथी दोनदा करतो आणि 'त्याला मेथी आवडत नाही' असं सगळ्या नातेवाइकांना सांगून मोकळे होतो, तेही त्याच्यासमोर. मग ती त्याची ओळखच होऊन बसते. त्यापेक्षा दर वेळी चमचाभर मेथी पानाच्या कडेला असू द्यावी. खाल्ली तर खाल्ली. पानात एखादी तरी गोष्ट त्याच्या आवडीची असावी, दही-भात किंवा तूप-पोळी, म्हणजे ते उपाशी राहत नाही. त्याच्यासाठी वेगळा नूडल्सचा वाडगा मात्र नको. इथे शिकवण्यासारखी रीत एवढीच की "ई, हे काय केलंय!" असं म्हणायचं नाही. "मला आत्ता नको" म्हणायला पूर्ण मुभा आहे. जेवण केलेलं माणूस समोरच बसलेलं असतं, हे ध्यानात आणून द्यावं.

"भाजी संपवलीस तर चॉकलेट" हा सौदा तर बंदच करावा. बर्च यांच्या प्रयोगांतून हेही दिसलं की बक्षिसासाठी खाल्लेला पदार्थ मुलांना पुढे कमी आवडू लागतो आणि बक्षीस म्हणून मिळालेला पदार्थ जास्त. म्हणजे सौद्यात भाजी हरते आणि चॉकलेट जिंकतं. आपल्या पारंपरिक पानात गोड शेवटी बक्षीस म्हणून येत नाही. श्रीखंड, जिलबी, पुरणपोळी वरण-भात आणि भाजीच्या बरोबरीने पानात बसते. ही पद्धत फार शहाणपणाची आहे. घरी गोड केलं असेल तेव्हा मुलाच्या पानातही ते त्याच्या वाटणीइतकं, जेवणाबरोबरच वाढून टाकावं. त्याने ते आधी खाल्लं तरी खाऊ द्यावं. दोन-चार वेळानंतर त्यातलं अप्रूप ओसरतं आणि बाकीचं जेवणही होतं.

फोन, टीव्ही आणि गप्पा

इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल सोडून पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको. जेवणाच्या वेळी तर कोणत्याच वयात नको, असं मी म्हणेन. फोनवरचं गाणं बघत जेवणारं मूल तोंड उघडतं, गिळतं, आणि आपण काय खाल्लं हे त्याला कळतही नाही. चव कळत नाही, पोट भरलेलं कळत नाही, समोर बसलेलं माणूस दिसत नाही. शिकवायचं ते सगळं तिथेच थांबतं.

ही सवय लागलेली असेल तर ती सोडवताना तीन-चार दिवस कठीण जातील, हे आधीच धरून चाला. सुट्टीचा आठवडा निवडा. फोन लपवून ठेवू नका, सरळ सांगा, "आजपासून जेवताना आपल्या कुणाचाच फोन नाही." आणि मग खरोखर कुणाचाच नको. सगळ्यांचे फोन फ्रिजवर एका टोपलीत. ऑफिसचा फोन येणार असेल तर उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बोलावं. रात्री आठची मालिका आजींना प्रिय असेल, तर जेवण साडेसातला किंवा मालिकेनंतर. मूल पहिले दोन दिवस जवळपास काहीच खाणार नाही. त्याची मधल्या वेळची बिस्किटं वाढवू नका, पुढचं जेवण वेळेवर द्या.

पडदा गेला की जागा गप्पांना मिळते. आपल्या लहानपणी 'जेवताना बोलू नये' असा दंडक असायचा. त्यात तथ्य आहे. घास तोंडात असताना बोललं किंवा खदखदून हसलं की ठसका लागतो, घास श्वासनलिकेत अडकू शकतो. त्यामुळे 'आधी घास गिळ, मग सांग' हा नियम कायम ठेवावा. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं देऊ नयेत आणि पळता पळता तर काहीच खाऊ देऊ नये. पण नियमाचा अर्थ मुकाट जेवणं असा घेतला, तर दिवसातली बोलायची एकमेव वेळ हातची जाते. विषय मात्र निवडावे. गणितात किती पडले, शाळेतून तक्रार का आली, शेजारची पोरगी बघ कशी, तू किती बारीक झालास किंवा जाड होत चाललीस, हे पानावर काढू नये. त्या प्रश्नांना दुसरी वेळ शोधावी. मुलाला विचारावं की आज डबा कुणाबरोबर खाल्ला, कुणी कुणाला काय दिलं. शाळेत पोषण आहार मिळत असेल, तर त्या पंगतीत काय होतं ते विचारावं. रांगेत बसणं, वाट बघणं, वाढणाऱ्या ताईंशी नीट बोलणं मुलं तिथे शिकून येतात, आणि घरी कुणी त्यांना ते विचारतही नाही. मुलांनी मोठ्यांनाही विचारावं, "बाबा, तुमचा दिवस कसा गेला?" पहिल्यांदा हसू येईल, तरी उत्तर खरंखुरं द्यावं.

चुका कशा सुधारायच्या? एका वेळी एकच. या महिन्यात तोंड मिटून चावणं, पुढच्या महिन्यात वाट बघणं. जेवणात दहा वेळा टोकलं तर मुलाच्या कानात काही शिरत नाही आणि तुमच्याही पोटात अन्न नीट जात नाही. शब्दांऐवजी खूण ठरवावी, ओठांवर बोट टेकवलं की तोंड मिटायचं. पाहुण्यांसमोर चूक झाली तर तिथे काही बोलू नये, रात्री एकटं असताना सांगावं. आणि जे जमलं ते नेमकं बोलून दाखवावं. "शहाणा आहेस" यातून त्याला काही कळत नाही. "आज तू ताईला आधी वाढलंस, मला आवडलं" यातून कळतं.

घराबाहेर

काही कौशल्यं केवळ आपल्या मातीतली आहेत आणि तीही शिकवावी लागतात. शेवग्याची शेंग चोखून चोथा पानाच्या कडेला, एका जागी ठेवायचा, जमिनीवर किंवा टेबलावर नाही. कढीपत्ता, आमसूल, मिरची तशीच. कोकणात, गोव्यात मासे खाणाऱ्या घरांतल्या मुलाला काटे काढायला शिकवणं ही तर सावकाश चालणारी शिकवणी असते. सुरुवात सुरमई-पापलेटसारख्या मोठ्या, मधल्या काट्याच्या माशाने करावी. बोटांनी चाचपून काटा शोधायला शिकवावं. बांगडा जमू लागला की मग तारली आणि मांदेलीसारखे बारीक काट्यांचे मासे. तोंडात काटा आलाच तर तोंडापुढे डावा हात धरून उजव्या हाताच्या बोटांनी काढायचा, थुंकायचा नाही. हे शिकलेलं मूल कुठल्याही पंगतीत निर्धास्त बसतं.

हॉटेलात न्यायच्या आधी घरी एक-दोनदा काटा-चमच्याचा सराव करून घ्यावा, म्हणजे तिथे गोंधळ होत नाही. ऑर्डर मुलाने स्वतः द्यावी, वेटरकडे बघून, "दादा, एक मसाला डोसा द्या" अशी. वाढणाऱ्याला, ताट उचलणाऱ्याला नावाने किंवा दादा-ताई म्हणून हाक मारायची, 'ए' किंवा 'शुक्‌ शुक्‌' नाही. आपण स्वतः त्यांच्याशी कसं बोलतो, हे मुलं टिपून घेत असतात. लग्नातल्या बुफेत मुलाला भरलेलं ताट हातात देऊन सोडू नये. आधी एक फेरी नुसती बघायची, मग दोन-तीन पदार्थ थोडे थोडे घ्यायचे, रांग मोडायची नाही, आणि आवडलं तर पुन्हा यायचं. तिथे वाया जाणाऱ्या अन्नात मुलांनी टाकलेलं फार असतं, पण ताट बहुतेकदा मोठ्यांनीच भरून दिलेलं असतं.

या सगळ्याला वेळ लागतो. तीन वर्षांचं मूल महिनाभरात शिकत नाही आणि सहा वर्षांचं शिकलेलं मूल आजारपणात, परीक्षेत, धाकटं भावंड झाल्यावर पुन्हा मागे जातं. तेव्हा चिडू नये, तिथून पुढे सुरू करावं. आणि एकदम सगळं बदलायला जाऊ नका. या आठवड्यात घरातल्या सगळ्यांना जमेल असं एकच जेवण ठरवा, स्वयंपाक करणाऱ्या माणसाचं पान सर्वांत आधी वाढा, ते माणूस बसलं की मगच सुरुवात करा. पान वाढायचं काम मुलाकडे द्या.